सुकाणू उतरवताना

वृत्तपत्र उघडले की ‘सुकाणू’ हा शब्द भेटल्यावाचून राहत नाही. एखाद्या पक्षाचे सुकाणू नव्या नेत्याच्या हाती जाते, एखाद्या साखर कारखान्याचे सुकाणू तिसऱ्या पिढीकडे येते, आणि कोणतेही मोठे काम उभे राहायचे असले की प्रथम त्याची सुकाणू समिती स्थापन होते. मूळ अरबी असलेला हा शब्द दर्यावर्दी लोकांच्या बोलण्यात वावरला, मराठीत रुळला आणि गलबताच्या मागच्या फळीवरून उठून थेट अधिकाराच्या खुर्चीत जाऊन बसला. विद्यार्थी मित्रहो, या साऱ्या वाक्प्रयोगांत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. सुकाणू ‘हाती येते’ किंवा ‘हातून जाते’. ते जागेवरून उतरवावे लागते, त्याखालची जागा पुसून तपासावी लागते आणि मग काळजीपूर्वक दुसरे बसवावे लागते, असे त्यांत कुठेच सूचित होत नाही. मला हे काम एकदा प्रत्यक्ष हातांनी करावे लागले. गलबताचे नव्हे, एका जुन्या मोटारीचे. ते कसे करतात हे मी तुम्हांला सांगणार आहे. कारण त्या कामाने मला एका निराळ्या, घरातल्या प्रश्नाकडे पाहायला शिकवले.

मोटार होती प्रीमियर पद्मिनी. तुमच्यापैकी अनेकांनी ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात पाहिली असेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ च्या सुमारास आलेल्या ‘फियाट ११०० डिलाइट’ला १९७४ मध्ये चितोडच्या राणीचे नाव मिळाले आणि ती ‘पद्मिनी’ झाली. पुढे सलग बाक, गिअरचा दांडा पायांजवळ नव्हे तर स्टिअरिंगखाली, आणि इंजिन १०८९ सीसीचे. मारुती ८०० ही मोटार १९८३ च्या डिसेंबरमध्ये आली, तरी माझ्या वडिलांनी १९८८ मध्ये पद्मिनीच घेतली. तिचा पत्रा जाड आहे, एवढेच कारण त्यांनी दिल्याचे मला आठवते.

सहा वर्षांनी वडील गेले. मोटार कोल्हापूरच्या आमच्या घरासमोर ताडपत्रीखाली उभी राहिली. नातेवाइकांनी ती विकण्याचा सल्ला दिला. आई तेव्हा एका गावातील माध्यमिक शाळेत शिकवत असे. तिने काही महिने काहीच उत्तर दिले नाही. मग एके दिवशी ताडपत्री काढून घडी करून ठेवली आणि उद्यमनगरातील एका मेस्त्रींना बोलावले. वडिलांच्या हयातीत मोटारीची देखभाल तेच करीत. पहाटेच्या वेळी गावाबाहेरच्या मैदानावर त्यांनी आईला मोटार शिकवली. ते तिला ‘बाई’ म्हणत, आणि ती त्यांना ‘मेस्त्री’. पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे ती त्याच मोटारीने शाळेला, बाजाराला, आजारी माणसांच्या भेटीला जात राहिली.

त्या काळातील स्टिअरिंगच्या आत पोलादी कडे असते आणि त्यावर कडक प्लॅस्टिकचे आवरण ओतलेले असते. ऊन आणि काळ यांच्यामुळे आवरण आकसते, पोलाद मात्र आकसत नाही. साहजिकच आवरणाला तडे जातात. आमच्या स्टिअरिंगलाही ते गेले. आईने त्यावर नायलॉनची दोरी गुंडाळली. काही वर्षांनी दोरीखालचे तुकडे हलू लागले आणि एका आऱ्याच्या सांध्यापाशी आतले पोलाद गंजलेले दिसले. असे स्टिअरिंग ऐन वळणावर दगा देऊ शकते. २०२३ मध्ये मोटारीच्या फेरनोंदणीची वेळ आली. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. आई तेव्हा ६८ वर्षांची होती. पंचावन्नाव्या वर्षानंतर वाहन चालवण्याच्या परवान्याचे नूतनीकरणही ५ वर्षांपुरतेच होते. म्हणजे मोटार आणि आई, दोघींनाही सरकार एकाच मापाने मुदत देत होते.

पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. तो म्हणाला, “ताई, स्टिअरिंग गेलंय ना? मग हीच वेळ आहे. मोटार विकून टाकू. आईला सरळ नको म्हणण्यापेक्षा ते बरं.” त्याच्या बोलण्यात निष्ठुरता नव्हती, भीती होती. ती भीती मलाही होती. आईला रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास होऊ लागल्याचे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. आईने मात्र मला एवढेच सांगितले, “आधी दुसरं स्टिअरिंग बसवू. मग बोलू.” जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार कुर्ल्यात आहे. जिथे मोटार घडली होती, त्याच परिसरातून तिचे दुसरे स्टिअरिंग आले.

मेस्त्रींचे गॅरेज केव्हाच बंद झाले होते. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नव्हते. ते खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, “ताई, हात तुमचे, तोंड माझं.” आता ते काम क्रमाने पाहू.

मोटार सपाट जागेवर उभी करावी. हातब्रेक ओढावा, मागच्या चाकांना ठोकळे लावावेत. पुढची चाके सरळ हवीत. त्यासाठी मोटार दहा-वीस फूट सरळ चालवूनच थांबवावी, नुसत्या नजरेवर विसंबू नये. नंतर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, कारण हॉर्नची तार स्टिअरिंगच्या मध्यातून येते आणि तिचा लोखंडाशी संबंध आला तर ठिणगी उडते. येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. ज्या मोटारीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, तिथे हा उद्योग घरी करू नये. त्या पिशवीमागे स्फोटक असते आणि ती क्षणाच्या लहानशा अंशात फुगते. ते काम प्रशिक्षित कारागिराचे. मी सांगते आहे ते एअरबॅगपूर्व काळातील मोटारींविषयी.

मधली हॉर्नची टोपी बोथट पट्टीला फडके गुंडाळून हलकेच उचकटावी. तिच्याखाली स्प्रिंग, तार आणि मोठा नट दिसतो. कोणती वस्तू कोणत्या क्रमाने निघाली ते कागदावर मांडून ठेवावे. नट सैल करताना स्टिअरिंग दुसऱ्या कोणीतरी घट्ट धरावे. किल्लीच्या कुलपावर तो भार टाकला तर कुलूप मोडते. आमच्याकडे धरायला आई होती. नट सुटला, पण मेस्त्रींनी तो पूर्ण काढू दिला नाही. “दोन-तीन आटे राहू देत,” ते म्हणाले. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे आवळून बसलेले स्टिअरिंग सुटते ते एकदम. नट काढून टाकलेला असेल तर ओढणाऱ्याच्याच तोंडावर ते आदळते. म्हणून आधी सैल करायचे, पण शेवटचा आधार ठेवायचा.

आणि मग ते वाक्य आले, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. मी पुलर उचलला, तशी मेस्त्री म्हणाले, “थांबा. आधी खूण, मग खोलायचं.”

स्टिअरिंगच्या मधल्या जाड भागाला मी बैलगाडीच्या चाकाचा शब्द वापरून ‘तुंबा’ म्हणते. या तुंब्याच्या आत बारीक दाते असतात आणि खालून येणाऱ्या पोलादी दांड्यावरही तसेच दाते असतात. दोन्ही एकमेकांत गुंततात, म्हणूनच हाताचे वळण चाकांपर्यंत पोहोचते. दाते सारखेच असल्याने स्टिअरिंग कोणत्याही दात्यावर बसू शकते. समजा, दाते ३६ आहेत. तर एक दाता चुकला की स्टिअरिंग १० अंशांनी वाकडे बसते. मोटार तरीही सरळच जाते, कारण चाकांना त्याचा पत्ता नसतो. चालवणाऱ्याला मात्र समोर वाकडे आरे दिसतात, आणि त्याचा हात नसलेली चूक दुरुस्त करत राहतो. वळण दाखवणारा दिवा वळणानंतर आपोआप बंद होतो, तो स्टिअरिंगखालच्या एका उंचवट्यामुळे. तोही मग अवेळी बंद होऊ लागतो. हे सारे टाळण्यासाठी दांड्याच्या टोकावर आणि तुंब्यावर मिळून एकच सलग खूण करावी लागते. आम्ही पंचाने दोन्हीकडे एकेक ठिपका मारला आणि त्यावरून पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली.

त्यानंतर पुलर. स्टिअरिंग घट्ट बसले असले की हातोड्याची आठवण होते. ती बाजूला सारावी. खालून ठोकले तर आधीच तडकलेले कडे फुटते. दांड्याच्या टोकावर ठोकले तर आटे चेपतात आणि धक्का थेट दांड्याच्या तळाशी असलेल्या पेटीतील बेअरिंगपर्यंत जातो. पुलरची रीत निराळी. त्याचे दोन पाय तुंब्याला खालून धरतात आणि मधला स्क्रू दांड्याच्या टोकावर टेकतो. स्क्रू फिरवला की तो दांड्याला खाली दाबतो आणि तेवढ्याच जोराने पाय तुंब्याला वर ओढतात. दाब आणि ओढ, दोन्ही त्या एका अवजारातच एकमेकांना तोलून धरतात. बाकीच्या मोटारीला त्याची झळ पोहोचत नाही. आम्ही दात्यांवर गंज सोडवणारे तेल टाकले, अर्धा तास वाट पाहिली, पुलर थोडा आवळला, पुन्हा थांबलो. घाई नको, असे मेस्त्रींनी दोनदा सांगितले. तिसऱ्या खेपेस ‘टक्’ असा आवाज आला आणि स्टिअरिंग राखलेल्या नटाला येऊन अडले. आईच्या हातात ते सैल झाले होते. तिने ते लगेच सोडले नाही. मीही पुलर काढायची घाई केली नाही.

एक अडचण माझ्या लक्षात तेव्हा आली. तेच स्टिअरिंग पुन्हा बसवायचे असते, तर दोन्ही रेघा जुळवल्या की काम झाले असते. पण आम्हांला दुसरे बसवायचे होते. खुणेचा अर्धा भाग दांड्यावर राहिला होता आणि अर्धा निघालेल्या स्टिअरिंगबरोबर चालला होता. मी विचारले, “आता हिचा उपयोग काय?” मेस्त्रींनी दोन्ही स्टिअरिंगे जमिनीवर शेजारी शेजारी ठेवायला लावली, आऱ्यांची दिशा एक करून. दाते मोजायला लावले, तुंब्याची खोली काडीने मोजायला लावली. मग जुन्यावरची रेघ जिथे होती, नेमकी तिथेच नव्यावर रेघ ओढली. जाणाऱ्याकडची अर्धी खूण येणाऱ्याला देऊन झाली, तेव्हाच जुने बाजूला ठेवले.

बसवण्याचे काम त्या मानाने सोपे असते. दांड्याचे दाते तारेच्या ब्रशने साफ करावेत, ग्रीसचा पुसट हात द्यावा, रेघेला रेघ लावून स्टिअरिंग हातानेच खाली दाबावे. वॉशर आणि नट लावून, उत्पादकाने सांगितलेल्या मापाइतका जोर दाखवणाऱ्या पान्याने आवळावे. वॉशरला दुमडायची जीभ असेल तर ती नटावर दुमडावी. मग हॉर्नची तार, स्प्रिंग, टोपी आणि शेवटी बॅटरी. मोटार रस्त्यावर नेण्यापूर्वी हॉर्न वाजतो का, दोन्ही बाजूंचे दिवे आपोआप परततात का, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता फिरते का, हे पाहावे. त्यानंतर मोकळ्या सरळ रस्त्यावर अगदी हळू चालवावे. आरे समांतर असूनही मोटार एका बाजूला ओढत असेल, तर दोष स्टिअरिंगचा नसतो. टायरमधली हवा आणि चाकांची जुळणी तपासावी. काही दिवसांनी नट पुन्हा एकदा तपासावा.

मोटारीची फेरनोंदणी झाली, पुढील ५ वर्षांसाठी. आईच्या परवान्याची मुदत त्याआधीच संपत होती. भाऊ दिवाळीला आला तेव्हा हा विषय निघालाच. आई उठली आणि तिने मोटारीच्या कागदांबरोबरची वही आणून आमच्यासमोर ठेवली. तेल केव्हा बदलले, टायर केव्हा घातले, अशा नोंदी त्या वहीत वडिलांच्या काळापासून होत्या. शेवटच्या पानावर आईच्या अक्षरात नव्या दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत, ‘सायंकाळी ६ नंतर चालवणे बंद.’ दुसऱ्या ओळीत तिच्या परवान्याची मुदत संपण्याची तारीख आणि पुढे, ‘किल्ली ताईकडे.’ ती म्हणाली, “त्या दिवशी किल्ली मी देईन. त्याआधी कुणी मागायची नाही.” भाऊ काही बोलला नाही. तारखेखाली आज मात्र काहीच लिहिलेले नाही. ते पान तसेच कोरे आहे.

आईने स्वतःच्या बाबतीत खूण आधी केली होती. आम्ही दोघे भावंडे जे करू पाहत होतो ते हातोड्याचे काम होते. स्टिअरिंग तडकले हे निमित्त धरून वरून एक घाव घालायचा, म्हणजे बोलणे नको. त्याचा धक्का कुठवर गेला असता, याचा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता. म्हाताऱ्या माणसाच्या हातून एखादी गोष्ट काढून घेण्याची वेळ तुमच्याही घरी कधी आली असेल, किंवा येईल. शेतीचा व्यवहार असेल, दुकानाचा गल्ला असेल, स्वयंपाकघर असेल. काढावे लागते, यात शंका नाही. रात्रीचे दिवे डोळ्यांना सोसत नाहीत, ही वस्तुस्थिती असते. पण शेवटचे दोन-तीन आटे राखून सैल करता येते, आणि कोठे काय होते याची खूण त्याच माणसाकडून करून घेता येते. वडील गेले तेव्हा आम्हांला ती सवड मिळाली नव्हती. आईने ताडपत्री काढायला काही महिने का घेतले असावेत, हे मला आता थोडे समजते. खुणेचा अर्धा भाग हरवला होता आणि सरळ म्हणजे कुठे, हे तिला एकटीला पुन्हा ठरवायचे होते.

भाषेचे विद्यार्थी म्हणून आणखी एका गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधते. या लेखासाठी मला शब्दकोश फारसा उघडावा लागला नाही. आटा, नट, पाना, पुलर, पंच, आरे, तुंबा, खोलणे, आवळणे, सैल करणे. यांतले काही शब्द सुताराच्या कामठ्यावरचे, काही बैलगाडीचे, काही इंग्रजीतून येऊन मेस्त्रींच्या तोंडी मऊ झालेले. ‘स्टिअरिंग’ला ‘सुकाणूचक्र’ म्हणता येईल, पण मेस्त्रींना ते सांगितले असते तर त्यांनी मला आधी पाणी प्यायला दिले असते. त्यांच्या बोलण्यात ‘तोडणे’ आणि ‘खोलणे’ हे दोन निरनिराळे व्यवहार होते. जे पुन्हा जोडता येते ते खोललेले, जे येत नाही ते तोडलेले. कवितेचे किंवा उताऱ्याचे विश्लेषण करताना आपणही खोलण्याचेच काम करतो. म्हणून एखाद्या ओळीचा प्रत्येक शब्द सुटा करण्यापूर्वी ती पहिल्यांदा वाचताना काय वाटले, ते समासात लिहून ठेवावे. विश्लेषण संपल्यावर कविता पुन्हा जोडून वाचायची असते, आणि तेव्हा ती खूण उपयोगी पडते.

तुमच्यापैकी कोणी एस.टी.त वाहक असेल, कोणी परिचारिका, कोणी शिलाईकाम करत असेल, कोणी ऊसतोडीचा हिशेब ठेवत असेल. दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडताना ‘माझ्याजवळ लिहिण्यासारखे काय आहे’ असे वाटणे साहजिक आहे. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. २० वर्षांची वयोमर्यादा संपली आणि ती थांबली. तिची छायाचित्रे पुष्कळ निघाली. तिचे स्टिअरिंग कसे उतरवायचे, हे जाणणारे हात मात्र गावोगावच्या गॅरेजांत खुर्ची टाकून बसले आहेत, आणि त्यांनी आपले ज्ञान कुठेही लिहून ठेवलेले नाही. असे एक माणूस तुमच्या परिचयात नक्कीच असेल. कदाचित ते माणूस तुम्ही स्वतः असाल. तेव्हा या घटकाचा अभ्यास संपवण्यापूर्वी एक काम करा. तुम्हांला हातांनी चांगले येणारे एक काम निवडा आणि ते कधीही न पाहिलेल्या माणसाला करता यावे, इतके नेमके दोन पानांत लिहा. शब्द कामाच्या जागचेच वापरा. लिहिताना स्वतःला एवढेच विचारा की, या कामात खोलण्यापूर्वी खूण कुठे करतात, आणि ती करायला तुम्हांला कोणी शिकवले.